सायकलवरून एकटीच भारतात आली त्या बाईची गोष्ट



या पानावर मी दर अंकात लागण, बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी असं काहीतरी लिहीत असतो. या वेळी संपादकांनी निरोप दिला की, हंगाम आटोपला आहे, मंडळी जरा निवांत आहेत, तेव्हा उसाला थोडी विश्रांती द्या आणि दुसरं काहीतरी लिहा. त्याप्रमाणे आज सायकलवर लिहितो आहे. शेवटी मात्र आपल्या घराच्या सोप्यावर येणार आहे, म्हणून अर्ध्यावर पान उलटू नये ही विनंती.

सायकल आणि शेतकी खातं यांचं नातं जुन्या सभासदांना सांगायला नको. १९९९ साली शेतकी पदविका घेऊन मी कारखान्यात शेतकी मदतनीस म्हणून लागलो, तेव्हा हातात पहिली पडली ती सायकल ॲडव्हान्सची मंजुरी. दरमहा पगारातून कापून पैसे फेडायचे. कॅरियरला नोंदीचं रजिस्टर, हँडलला पिशवी, पिशवीत मोजणीचा टेप आणि दुपारची भाकरी. गटातली सगळी गावं, वाड्या, मळे त्या सायकलने पालथे घातले. पुढे मोटारसायकल आली, सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली.

त्या काळात एक गोष्ट मनात घेतली होती. ज्या कृष्णेच्या पाण्यावर आपला सगळा ऊस उभा आहे, ती कृष्णा जिथे उगम पावते तिथवर एकदा सायकलने जायचं. एकट्याने. बरोबर कोणी नको, गप्पा नकोत, नुसतं जायचं आणि यायचं. अंतर काही फार नाही. पण एका वर्षी हंगाम लांबला, एका वर्षी मुलीची शाळा, आणि २०११ साली वडिलांना अर्धांगवायू झाला. मग विषयच संपला. कोणी विचारलं तर मी सांगायचो, "वडिलांमुळे अडकलोय हो." २०२२ साली वडील गेले. आता अडवणारं कोणी नव्हतं. तरी मी दोन वर्षं गेलो नाही!

असं का झालं, ते मला एका परदेशी बाईच्या पुस्तकाने दाखवलं. आमच्या गटातल्या एका सभासदांची मुलगी पुण्याला शिकते. तिने ते इंग्रजी पुस्तक मला दिलं. माझं इंग्रजी खताच्या पोत्यावरचं वाचण्यापुरतं. शब्दकोश घेऊन, रोज रात्री चार पानं याप्रमाणे दोन महिने वाचलं. त्यातली हकीकत आधी सांगतो.

दहाव्या वाढदिवसाची सायकल

बाईंचं नाव डर्व्हला मर्फी. आयर्लंड देशातलं लिस्मोर हे लहानसं गाव. जन्म नोव्हेंबर १९३१ चा. वडील त्या जिल्ह्याच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. घरात पुस्तकं भरपूर, पैसा बेताचा. डर्व्हला एकुलती एक. ती अगदी लहान असतानाच आईला संधिवाताने धरलं. आपल्याकडे गुडघे धरतात तसला हा संधिवात नव्हे. सांधे वाकडे होत जातात, बोटं आखडतात आणि माणूस हळूहळू जागेला खिळतो, तो. आई कायमची अपंग झाली.

दहाव्या वाढदिवसाला या मुलीला दोन भेटी मिळाल्या, दोन्ही जुन्या बाजारातल्या. आईवडिलांनी जुनी सायकल दिली आणि आजोबांनी जुना नकाशासंग्रह दिला. काही दिवसांनी गावाजवळचा एक चढ ती सायकलवरून चढत होती. चढताना तिचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. पाय वर-खाली होताहेत, चाक फिरतंय, सायकल पुढे जातेय. तिच्या मनात आलं, हे असंच पुष्कळ दिवस करत राहिलं तर माणूस भारतात पोचेल की!

आता भारतच का, हे त्या वयाच्या पोरीला कोण विचारणार? नकाशात बघितलं तर मध्ये समुद्र फारसा आड येत नाही, एवढा हिशेब तिने केला. आणि ही गोष्ट तिने मोठ्यांपैकी कोणाला सांगितली नाही. मोठी माणसं हसतील, आणि मोठेपणी तू विसरशील म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. आपल्याकडे एखाद्या पोराने मी अमुक करणार म्हटलं की आपण चावडीवर त्याची चेष्टा करतो, ते मला इथे आठवलं.

सोळा वर्षं घरात

वयाच्या चौदाव्या वर्षी डर्व्हलाची शाळा सुटली. घरकामाला बाई मिळेना, आईचं सगळं करायला माणूस हवं होतं, आणि मुलगी एकच. पुढची सोळा वर्षं ती घरी राहिली. स्वयंपाक, झाडलोट, आईला उठवणं-बसवणं, अंग पुसणं, रात्री हाकेला ओ देणं. बरोबरीच्या मुली शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या, लग्नं होऊन गेल्या. ही घरात.

इथे आपल्यासारखा लेखक असता तर लिहिलं असतं की, तिने हसतमुखाने आईची सेवा केली. बाईंनी तसं लिहिलेलं नाही. १९७९ साली त्यांनी आपल्या लहानपणाची आणि तरुणपणाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यात शेवटची वर्षं किती कठीण गेली, आई आणि मुलगी एकमेकींना कशा जाचक झाल्या, मनात राग कसा साठत गेला, ते आडपडदा न ठेवता सांगितलं आहे. माया होती आणि राग होता, दोन्ही एकाच घरात. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे त्यांना हे नवीन नाही. फक्त आपण ते बोलत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. या सोळा वर्षांत डर्व्हला अधूनमधून बाहेर पडली. १९५१ साली तीन आठवडे वेल्स आणि दक्षिण इंग्लंड, दुसऱ्या वर्षी बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, नंतर स्पेन. सगळं सायकलवरून, एकटीने. आणि जा म्हणून उत्तेजन देणारी तिची ती अंथरुणातली आईच होती. परत आली की पुन्हा तेच घर, तेच काम. पण ते तीन-पाच आठवडे नसते तर ही मुलगी सोळा वर्षं तगली नसती, असं मला वाटतं. उसाचं पाणी लांबलं तर पीक लगेच मरत नाही, पण कांड्या आखूड पडतात. माणसाचंही तसंच होत असावं.

१९६१ साली वडील गेले. ऑगस्ट १९६२ मध्ये आईही गेली. दुःख झालंच. पण त्याबरोबर सुटल्यासारखं वाटलं, हेही तिने लपवलं नाही. वय तीस पूर्ण. आणि डोक्यात अजून तो चढावरचा हिशेब शिल्लक होता.

डंकर्क ते दिल्ली

आई गेल्यावर पाच महिन्यांच्या आत, १४ जानेवारी १९६३ ला, ती निघाली. जहाजाने फ्रान्सच्या डंकर्क बंदरात उतरून तिथून सायकल. पण ही घाई नव्हती, तयारी कधीचीच झालेली होती. ती कशी होती, ते आपल्या तरुण मंडळींनी नीट वाचावं.

सायकल पुरुषी, आर्मस्ट्राँग कंपनीची. नाव ठेवलं रोझ. डॉन क्विक्झोट या स्पॅनिश कादंबरीतल्या हडकुळ्या घोड्याचं नाव रोझिनांट, त्यावरून. सायकलला गिअर होते, ते तिने काढून टाकले. पुढच्या रस्त्यांवर ते टिकणार नाहीत, आणि बिघडले तर दुरुस्त करणारा भेटणार नाही, म्हणून. सुटे टायर वाटेवरच्या मोठ्या शहरांतल्या वकिलातींकडे आधीच पाठवून दिले. सामान सगळं मिळून बारा-तेरा किलो. त्यात एक लहान पिस्तूल. ते चालवायचा सराव गावाजवळच्या डोंगरात केला. सांगायचा मुद्दा हा की, उठली आणि निघाली असा हा प्रकार नव्हता.

नेमका तो हिवाळा युरोपातल्या फार कडक हिवाळ्यांपैकी एक निघाला. बर्फावर सायकल चालेना. काही टप्पे आगगाडीने, काही ट्रकने करावे लागले. युगोस्लाव्हियात एका बर्फाळ रात्री तिच्यावर लांडगे चालून आले आणि पिस्तूल खरोखर चालवावं लागलं. पुढे तुर्कस्तान, इराण. एका मुक्कामी रात्री खोलीत माणूस शिरला, तेव्हा छताकडे गोळी झाडून त्याला पळवलं. वाटेत सायकल लुबाडू बघणारेही भेटले. तेहरानला अफगाणिस्तानचा व्हिसा मिळेना, कारण एकट्या बाईला सोडायला ते लोक तयार नव्हते. तिथे ती अडून बसली आणि व्हिसा घेऊनच निघाली.

अफगाणिस्तानात गंमत झाली. सायकलवर एकटीने जाऊ नको, धोका आहे, म्हणून तिला काही अंतर बसमध्ये बसवलं. त्या बसमध्ये उतारूंची भाडेपट्टीवरून भांडणं जुंपली आणि मध्येच एकाच्या बंदुकीच्या दस्त्याचा तडाखा बाईंच्या बरगड्यांना बसला. बरगड्या मोडल्या. म्हणजे सायकलवर जे झालं नाही ते बसमध्ये झालं. तरीही तिला सगळ्यांत आवडलेला देश अफगाणिस्तानच. हिंदुकुशचे डोंगर ओलांडून ती बामियानच्या खोऱ्यात गेली. २००१ साली उडवून दिलेल्या बुद्धाच्या प्रचंड मूर्ती तेव्हा तिथे उभ्या होत्या.

मग खैबर खिंडीतून पाकिस्तान. तिथूनही सरळ खाली न येता बाई उत्तरेला गिलगिटकडे वळल्या, आणि परत येताना तेरा हजार फुटांहून उंच अशी बाबुसर खिंड ओलांडली. तिथल्या बर्फात सायकल चालवायची सोय नव्हती. जिने इतके महिने वाहून नेलं तिलाच उचलून न्यावं लागलं. तिथून पंजाबच्या मैदानात उतरल्या त्या ऐन उन्हाळ्यात. आपल्याला एप्रिलचं ऊन सोसत नाही, त्या बाईने आयर्लंडचं अंग घेऊन जून-जुलैचं ऊन काढलं. १८ जुलै १९६३ ला दिल्लीत पोचल्या. सहा महिन्यांचा प्रवास, एकूण खर्च सुमारे ६४ पौंड. चहाच्या दुकानात, पोलीस ठाण्यात, कोणाच्या ओसरीवर, जिथे जागा मिळेल तिथे झोपायचं आणि समोर येईल ते खायचं. मग खर्च होतो कशाला?

दिल्लीला पोचून बाई सत्कार घेत बसल्या नाहीत. तिबेटमधून आलेल्या निर्वासितांची मुलं तेव्हा धरमशाळेला वाईट परिस्थितीत होती. खरूज, जुलाब, उपासमार. डर्व्हलाबाई तिथे गेल्या आणि काही महिने त्या पोरांची शुश्रूषा केली. मला या ठिकाणी थांबावंसं वाटलं. सोळा वर्षं आजाऱ्याचं करून जी सुटली, ती एवढा प्रवास करून पुन्हा आजाऱ्यांचंच करायला बसली! फरक एवढाच की, या वेळी तिला कोणी बसवलेलं नव्हतं.

या प्रवासाचं पुस्तक १९६५ साली निघालं, आणि त्यानंतर बाईंनी जन्मभर हेच केलं. प्रवास करायचा आणि लिहायचं. पुढे मुलगी झाली. ती पाच वर्षांची असताना तिला घेऊन त्या पुन्हा भारतात आल्या आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कोडगूमध्ये राहिल्या. मोटार चालवायला त्या कधीच शिकल्या नाहीत. २२ मे २०२२ ला, नव्वदाव्या वर्षी, लिस्मोरलाच वारल्या. ज्या वर्षी आमचे वडील गेले, तेच साल.

पसरणीच्या घाटात

पुस्तक संपलं आणि मला आपली लाज वाटली. २०२४ च्या एप्रिलमध्ये हंगाम संपला, शेवटची खेप वजनकाट्यावरून गेली, आणि मी पाच दिवसांची रजा टाकली. गोठ्यातली सायकल काढली. दोन्ही टायर-ट्यूब नवीन, ब्रेकचे रबर नवीन, साखळीला तेल. मागच्या मडगार्डला लाल चकचकीत पट्टी लावली. दुकानदार म्हणाला, "साहेब, पोराला शिकवायचीय काय?" मी हो म्हटलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

पहाटे चारला निघालो. कराडच्या पुढे उंब्रजमार्गे साताऱ्याकडे. हमरस्त्याला ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, म्हणून जिथे मिळेल तिथे आतल्या रस्त्याने. नऊच्या पुढे ऊन चढलं की झाडाखाली पडायचं, चारनंतर पुन्हा निघायचं. पहिला मुक्काम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ. तिथल्या एका शेतकऱ्याने काही ओळखदेख नसताना पडवीत झोपायला जागा आणि झुणका-भाकरी दिली. कोण, कुठले, विचारल्यावर मी फक्त "शेतकरी" म्हणालो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी कोणाच्या दारात ऊस अधिकारी म्हणून गेलो नव्हतो. नाहीतर आपल्या भागात खुर्ची पुढे येते, चहा येतो आणि त्याच्या मागोमाग तोडीची तारीख येते.

दुसऱ्या दिवशी वाई. वाटेत एकदा पंक्चर, ती स्वतः काढली. एकट्याने सायकलवर जाताना बोलायला कोणी नसतं, त्यामुळे डोकं आपल्याशीच बोलतं. पहिल्या दिवशी डोक्यात तोडणी प्रोग्राम, टोळ्यांच्या उचली, कोणाचा ऊस मागे राहिला, उतारा किती बसला, हेच. दुसऱ्या दिवशी ते विषय संपले. तिसऱ्या दिवशी पहाटे वाईहून पसरणीचा घाट चढायला लागलो, आणि वडील आठवले.

अर्धा घाट चालवला, मग गुडघे बोलायला लागले. उतरून सायकल ढकलत निघालो. खाली वाई आणि धोमचं पाणी दिसत होतं. मनात आलं, आपण लोकांना सांगत होतो, वडिलांमुळे अडकलोय. अकरा वर्षं सांगितलं. आता मोजू या, आपण नेमकं किती केलं? मी रोज सकाळी सातला मोटारसायकलला किक मारून बाहेर पडत होतो. हंगामात रात्री दहाला परत. आल्यावर सोप्यात वडिलांच्या खाटेशी बसायचो, पाय दाबायचो, "बरं आहे का दादा" विचारायचो. गावातले म्हणायचे, पोरगा गुणाचा आहे.

वडिलांना कुशीवर कोण वळवत होतं? भांडं कोण देत होतं? ओली चादर कोण धूत होतं? रात्री दोनला त्यांनी हाक मारली की कोण उठत होतं? माझी बायको. अकरा वर्षं. या काळात ती माहेरीसुद्धा कधी मुक्कामाला राहिली नाही. लग्नकार्याला सकाळी गेली तर संध्याकाळी दिवे लागायच्या आत परत. अडकली होती ती, आणि "अडकलोय" असं सांगत होतो मी. त्या आयरिश बाईची हकीकत मी दोन महिने वाचली आणि तिच्या जागी स्वतःला बघत होतो. तिच्या जागी माझ्या घरात दुसरंच माणूस होतं.

सभासदहो, हे छापावं की नाही याचा मी बराच विचार केला. पण खोटं लिहायचं तर हुमणीवर लिहिलेलं बरं.

दुपारनंतर पाचगणीवरून महाबळेश्वर गाठलं आणि तिथून क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचा उगम इथे मानतात. गोमुखातून पाणी कुंडात पडत होतं. एप्रिलमध्ये धार ती केवढी! आपल्याकडे तीन इंची पाइपातून याहून जास्त पाणी येतं. ओंजळीत घेतलं. पुढे तीच धार आपल्या शिवारातून जाऊन कर्नाटक, तेलंगणा, आंध्र ओलांडून समुद्राला मिळते. पंचवीस वर्षं मनात होतं ते बघितलं. पण खरं सांगतो, देवळात माझं मन लागलं नाही. कधी एकदा घरी जातो असं झालं होतं.

"मला सायकल येत नाही"

पाचव्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. जेवताना सगळं सांगितलं. घाटात काय मनात आलं तेही सांगितलं. ती काही बोलली नाही. पुढे ताक वाढलं. मी म्हटलं, "अगं, आता तू जा कुठंतरी. आठ दिवस. तुझं तू ठरव."

बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अहो, मला सायकल येत नाही. पण एस.टी.त बसता येतं."

तिला समुद्र बघायचा होता. पन्नाशीकडे आलेली बाई, आणि समुद्र बघितला नव्हता. तिची शाळेतली एक मैत्रीण गुहागरला दिलेली आहे, तिच्याकडे जायचं ठरलं. मी म्हणालो, सोडायला येतो. म्हणाली, "मग कशाला जाऊ?" मे महिन्यात कराडहून निघाली. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण करत गुहागर. एस.टी.ला बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चही बेताचा. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा एकटीने केलेला प्रवास. चिपळूणला गाडी बदलताना तिने फोन केला तो एवढंच सांगायला की, "घाट लई मोठा आहे, पण मला गाडी लागली नाही."

आठ दिवस मी आणि मुलगी घरात. गल्लीतल्या बायकांनी चौकशी केली, काय झालं, भांडण-बिंडण? मी सांगितलं, समुद्र बघायला गेल्यात. कोणाचा विश्वास बसला नाही. भाकरी मी केल्या. पहिल्या दिवशीच्या म्हशीला घातल्या. चौथ्या दिवशी माणसाला खाता येतील अशा झाल्या. दूध, डेअरी, शेण, पाणी, स्वयंपाक, भांडी, धुणं करून रात्री पाठ टेकली की डोळा लागायचा. आणि त्यात आजारी माणूस घरात नव्हतं, हे लक्षात घ्या.

नवव्या दिवशी परत आली. काळवंडली होती, पण चेहरा वेगळा होता. समुद्राबद्दल फार काही बोलली नाही. येताना वाळूतले शंख आणले होते, ते देवळीत ठेवले आहेत. अजून तिथेच आहेत. पुढच्या वर्षी कुठे जायचं हे तिने ठरवून टाकलं आहे, मला सांगितलेलं नाही.

शेवटी दोन शब्द

सभासद बंधूंनो, आपण पाण्याच्या पाळीवरून किती जागरूक असतो! कोणाची पाळी किती तास, कोणी अर्धा तास जास्त ओढलं, यावरून भावकीत बोलणं बंद होतं. पण घरात म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की त्याची पाळी कधी लावतो का? ते काम एकाच माणसाच्या अंगावर पडतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. बहुतेक घरांत ती सून असते, काही घरांत न उजवलेली मुलगी, कुठे मागे राहिलेला धाकटा मुलगा. बाकीचे फोनवरून तब्येत विचारतात.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. ज्यांच्या घरी असं दुखणं आहे, त्यांनी हंगाम सुरू व्हायच्या आत घरात बसून रात्रीच्या पाळ्या ठरवाव्यात. पुरुषांनी वळवणं, पुसणं, भांडं देणं शिकून घ्यावं. ठिबकची जाळी साफ करायला आपण शिकलो, हेही जमेल. आणि जो सगळं करतो आहे त्याला वर्षातून निदान आठ दिवस मोकळं सोडावं. माणूस गेल्यावर नव्हे, माणूस असतानाच. डर्व्हलाची आई अंथरुणातून "जा" म्हणू शकली, तर धडधाकट असलेल्या आपल्याला म्हणायला काय हरकत आहे?

तरुण मंडळींनाही एक सांगतो. सायकलवर दूर जायची हौस असेल तर अवश्य जा, एकट्यानेच जा. पण घरी वाट सांगून जा, ब्रेक आणि टायर बघून जा, रात्रीचं चालवू नका. आणि घरात कोण मागे राहिलं आहे, आपण निघाल्यावर कोणाचं काम वाढलं आहे, ते आधी मोजा. त्या बाईने एकवीस वर्षं थांबूनही आपला बेत विसरला नाही, आणि थांबल्याने तिचा प्रवास काही लहान झाला नाही.

पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे आडसाली लागणीची पूर्वतयारी आणि बेणेमळ्यातील बियाणे मागणी याविषयी लिहीन. बियाण्याची मागणी ज्यांनी नोंदवली नाही त्यांनी आपल्या गट ऑफिसला वेळेत नोंदवावी. आणि कोणाला सायकलचा बेत बोलायचा असेल, किंवा दुसरं काही मनातलं बोलायचं असेल, तर शेतकी ऑफिसमध्ये जरूर यावं. चहा माझ्याकडून.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी